जनुकांचा रिपोर्ट आणि मांडीतलं बळ

आमच्या घराण्यात साठी उलटली की पाय वाळतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे खुब्याच्या ऑपरेशननंतर माझी मांडी वाळली, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. त्यात पुतण्याने हौसेने माझी लाळ जनुकचाचणीला पाठवली. एसीटीएन-३ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी निघाल्या आणि रिपोर्टाखाली ठळक शेरा : ताकदीच्या व्यायामाला प्रतिसाद कमी. "काका, मग फिजिओवर पैसे कशाला घालवायचे?" घरच्यांनी फिजिओबाईंना नकार कळवलाही.

बाई राहिलेले पैसे न्यायला आल्या. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवली. "हात छातीवर घ्या, पाच वेळा उठा-बसा." दुसऱ्याच वेळी गुडघे लटपटले, हात आपसूक टेबलाकडे गेला. "उपचार यावर ठरतात, काका. लाळेवर नाही."

घरातलं बोलणं अगदीच खोटं नव्हे. जुळ्यांवरच्या अभ्यासांत माणसामाणसांच्या हाताच्या पकडीच्या ताकदीतल्या फरकाचा ३० ते ६५ टक्के वाटा आनुवंशिक दिसतो. पण तो असंख्य जनुकांचा मिळून, एकेकाचा रतीभर. एसीटीएन-३चं प्रथिन तर जगात दर पाच-सहा माणसांमागे एकाच्या स्नायूंत नसतंच, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. अंथरुणाचं मात्र तसं नाही. धडधाकट वृद्धांना १० दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचे स्नायू जवळजवळ किलोभर झडले. उलट १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीतल्या माणसांकडून ८ आठवडे वजनाचे व्यायाम करवून घेतले, तेव्हा पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. कुणाची कमी, कुणाची जास्त, हे आलंच.

तेव्हा चाचणीचे पैसे फिजिओला द्या. नुसतं चालणं पुरत नाही; वजन हळूहळू वाढवावं लागतं, आणि हे वाढवणंच घरोघरी राहून जातं. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. वरणभातावर ती भागत नाहीत. दही, अंडी, पनीर, सोयाबीन लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मी आता हात न टेकता उठतो, वेळ मात्र अजून जास्तच लागतो. साठीपुढच्यांनी जवळ कुणाला तरी उभं करून ही पाच उठाबशांची परीक्षा घरीच द्यावी. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो आकडा सांगा.