ओला वारा आणि मॅरेथॉनचा धावपटू

६ डिसेंबर १९८७ रोजी जपानमधील फुकुओका या बंदराच्या शहरी मॅरेथॉनची शर्यत झाली. दिवस थंडीचे, त्यात पाऊस आणि हिमकण एकत्र पडत होते. ताकेयुकी नाकायामा या धावपटूने निम्मे अंतर १ तास १ मिनिट ५५ सेकंदांत कापले. त्या वेळचा जागतिक विक्रम होता २ तास ७ मिनिटे १२ सेकंदांचा, आणि नाकायामा त्याच्याही पुढे होता. पण उरलेल्या निम्म्या अंतराला त्याला जवळजवळ साडेचार मिनिटे जास्त लागली. २ तास ८ मिनिटे १८ सेकंदांत तो पहिला आला खरा, पण विक्रम हुकला. सुरुवातीचा वेग फार होता हे कबूल. तरी त्या ओल्या थंडीचा वाटा त्यात मोठा होता.

गंमत अशी, की कोरडी थंडी या शर्यतीला पोषकच असते. धावणारे शरीर म्हणजे एक पेटती शेगडी. एक किलोमीटर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी किती ऊर्जा लागेल? सुमारे २,५०० किलोकॅलरी! यातला बराच मोठा भाग उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडतो. हवा थंड असली तर ही उष्णता सहज निघून जाते.

मग पावसाने काय बिघडते? कोरड्या कापडाच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि हवा उष्णतेची मंद वाहक आहे. कापड भिजले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वाहून नेते. शिवाय त्वचेवरचे १ लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तुमच्या घरचा माठ पाणी गार करतो तो याच युक्तीने. इथे माठाच्या जागी माणूस असतो, एवढेच!

वारा त्वचेलगतचा उबदार हवेचा पातळ थर सतत पुसून टाकतो. किनाऱ्यावर त्याला अडवायला झाडे-टेकड्या थोड्या. त्यातून तो धावण्याला विरोधही करतो. समजा, तुम्ही सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत आहात आणि समोरून तितक्याच वेगाचा वारा येतो आहे. तुम्हाला लागणाऱ्या हवेचा वेग झाला १० मीटर, म्हणजे दुप्पट. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो झाला चौपट. परतताना तोच वारा पाठीशी असेल तर विरोध शून्य. चार आणि शून्य यांची सरासरी दोन! म्हणजे जाताना गमावलेले येताना पुरते वसूल होत नाही.

वारा आधी पाठीशी आणि नंतर समोरून आला तर जास्त कठीण. जाताना हवा लागतच नाही, अंग तापते, धावपटू जाकीट काढून टाकतो. वळणानंतर थकलेल्या, भिजलेल्या अंगावर वारा येतो. स्नायूंतील ग्लायकोजेन संपत आलेले असते, वेग मंदावतो, आणि शेगडीच विझू लागते. उष्णता निर्माण होणे घटते. बाहेर जाणे मात्र तसेच चालू राहते. म्हणून खरा धोका पहिल्या येणाऱ्यापेक्षा मागे राहून चालू लागलेल्याला अधिक.

हा धोका जिवावर बेतू शकतो. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात लांब पल्ल्याच्या चालण्याच्या एका स्पर्धेत, थंडी, पाऊस आणि वारा यांत सापडून तीन तरुणांचा मृत्यू झाला. पुढे अशा अपघातांचा अभ्यास ग्रिफिथ पग या शास्त्रज्ञाने केला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ होते तेच हे पग. धावणाऱ्याला होणारा हवेचा विरोधही त्यांनी मोजला आहे. दुसऱ्याच्या पाठोपाठ, एक मीटर अंतरावर धावल्यास तो विरोध बहुतांशी टळतो, असे त्यांना आढळले.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते, बोटांना गुंडी लावता येत नाही, मग जीभ अडखळते, बोलणे असंबद्ध होते. ऊब न मिळताच हुडहुडी थांबली तर ‘आता बरे वाटतेय’ असे मुळीच समजू नका. ते अधिक वाईट लक्षण आहे. अशा माणसाला वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे उतरवून कोरड्यात गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे. हातपाय चोळू नयेत.

आता एक प्रयोग करा. चार सारखे स्टीलचे पेले घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने त्यांत सारखेच गरम पाणी ओता. पहिल्याला कोरडे फडके गुंडाळा, बाकी तिघांना ओले. पहिला आणि दुसरा पेला वाऱ्यापासून दूर ठेवा, तिसरा आणि चौथा पंख्यासमोर. चौथ्याच्या ओल्या फडक्यावर मात्र प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. प्रयोगशाळेतील तापमापकाने (तापाच्या नव्हे!) दर पाच मिनिटांनी तापमान पाहून वहीत टिपा. तिसरा पेला सर्वांत लवकर निवेल. चौथा त्याच्या किती अंश मागे राहतो ते पाहा, म्हणजे पावसाळी शर्यतीच्या आरंभी काही धावपटू अंगात प्लॅस्टिकची पिशवी का घालतात, ते कळेल.