शाळेच्या बाकावर महाविद्यालय
— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाचा न्यू जर्सीहून फोन आला. तो तेथील शाळेत बारावीत होता. परीक्षा कशी झाली असे विचारताच तो म्हणाला, "ताई, पेपर छान गेला. आता कॉलेजात पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र मला बहुतेक करावंच लागणार नाही." मला कौतुक वाटले आणि, खरे सांगायचे तर, थोडा हेवाही वाटला. अर्थशास्त्र हा माझा मुख्य विषय. पण दहावीनंतर गणित सुटल्यामुळे पहिल्या वर्षी त्यातील आलेख पाहून मी रडकुंडीला आले होते. शाळेत असतानाच महाविद्यालयाचा विषय पुरा होतो तरी कसा, या कुतूहलाने मी वाचू लागले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

अमेरिकेत नववी ते बारावी या चार वर्षांना हायस्कूल म्हणतात. आपल्यासारख्या कला, वाणिज्य, विज्ञान अशा शाखा तेथे नाहीत. इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांचा किमान अभ्यास सर्वांना करावा लागतो. उरलेल्या तासांत चित्रकला, संगीत, परकीय भाषा, मानसशास्त्र, संगणक असे ऐच्छिक विषय निवडता येतात. सकाळी भौतिकशास्त्र व दुपारी नाट्यकला शिकणारा विद्यार्थी तेथे कोणाला चमत्कारिक वाटत नाही. हे सारे मोजण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी 'कार्नेगी युनिट' हे माप रूढ झाले. वर्षभरात सुमारे १२० तास एक विषय शिकला की एक युनिट पुरे होते. विषय कोणताही असो, माप एकच.

या पायावर पुढे प्रगत अभ्यासक्रम उभे राहिले. त्यांचे प्रकार तीन. पहिला 'ऑनर्स' वर्गांचा. यात शाळेचाच विषय अधिक खोलात शिकवतात. पण त्याला महाविद्यालयाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, सहसा मिळत नाहीत.

दुसरा प्रकार 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट'. चांगल्या शाळांतून आलेल्या मुलांचे महाविद्यालयातील पहिले वर्ष उजळणीतच जाते, अशी तक्रार १९५० च्या सुमारास होऊ लागली. फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशातून चाललेल्या एका संस्थेच्या साहाय्याने या प्रश्नाचा अभ्यास झाला. पुढे कॉलेज बोर्डाने ही योजना हाती घेतली व १९५६ साली तिच्या परीक्षा सुरू झाल्या. आज असे सुमारे ४० विषय आहेत. शिकवणे शाळेतच, शाळेच्याच शिक्षकांकडून होते. परीक्षा मात्र मे महिन्यात सर्वत्र एकच असते. गुण १ ते ५ या श्रेणीत दिले जातात. पुष्कळ महाविद्यालये ३ किंवा अधिक श्रेणीला श्रेयांक देतात, तर नामांकित संस्था ४ किंवा ५ मागतात. काही ठिकाणी श्रेयांक न देता केवळ वरच्या वर्गात बसू देतात. म्हणजे विषय पुढचा मिळतो, पण पदवीसाठी लागणारी एकूण बेरीज कमी होत नाही. हा भेद प्रवेशाआधीच विचारून घ्यावा लागतो.

तिसरा प्रकार दुहेरी नोंदणीचा. यात विद्यार्थी शाळेत असतानाच महाविद्यालयाचा प्रत्यक्ष अभ्यासक्रम घेतो. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना ही वाट सरकारी खर्चाने खुली केली. येथे सारी मदार एका परीक्षेवर नसते. संपूर्ण सत्राचे काम मोजले जाते. तथापि मिळालेली श्रेणी, चांगली असो वा वाईट, महाविद्यालयाच्या नोंदीत कायम राहते; आणि दुसरे महाविद्यालय ते श्रेयांक मान्य करीलच असे नाही.

येथवर वाचून वाटेल की एवढे पर्याय असल्यावर आणखी काय हवे? मलाही तसेच वाटले होते. पण हायमे एस्कालान्ते या शिक्षकाची हकीकत वाचली आणि विचार बदलला. हे गृहस्थ मूळचे बोलिव्हियाचे. १९७४ पासून ते पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूलमध्ये शिकवू लागले. वस्ती प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांची. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी कलनशास्त्राच्या, म्हणजे कॅलक्युलसच्या, प्रगत परीक्षेत उत्तीर्ण झाले. उत्तरांतील साम्यामुळे परीक्षा घेणाऱ्यांना संशय आला व १४ जणांना पुन्हा परीक्षेस बसण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी १२ जण बसले आणि बाराही उत्तीर्ण झाले. १९८८ साली यावर 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट निघाला.

चित्रपट पाहताना हा एका जिद्दी शिक्षकाचा चमत्कार वाटतो. वस्तुस्थिती अशी की, १९८२ च्या त्या यशामागे कित्येक वर्षांची पायाभरणी होती. कलनशास्त्राच्या आधी बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती या पायऱ्या पक्क्या व्हाव्या लागतात. म्हणून खालच्या वर्गांचे गणित सुधारले गेले व पुढे जवळच्या महाविद्यालयात उन्हाळी वर्गही चालवले गेले. १९९१ साली एस्कालान्ते ती शाळा सोडून गेले आणि नंतर उत्तीर्णांची संख्या ओसरली. यादीत विषय पूर्वीप्रमाणेच होता. पायऱ्या मात्र ढासळल्या होत्या.

हे वाचताना मला माझी अकरावीची प्रवेशखिडकी आठवली. दहावीला गणितात मला चांगले गुण होते. अर्ज भरताना मी गणित मागितले, तेव्हा खिडकीतले काका म्हणाले, "अगं, आर्ट्सला कुठलं गणित?" मी मुकाट्याने भूगोल लिहिला. कला शाखेलाही मंडळाच्या विषययादीत गणित आहे, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षी कळले. त्या कनिष्ठ महाविद्यालयात ते शिकवण्याची सोय नव्हती, एवढेच! म्हणजे पर्याय मलाही होता. तो मला कोणी सांगितला नाही, आणि सांगितला असता तरी तेथे तो शिकवणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाखांमधील भिंती कमी करण्याचे ठरविले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय शिक्षणही श्रेयांकांत मोजले आहे. हे स्वागतार्हच आहे. परंतु छापील यादीतील विषय विद्यार्थ्यापर्यंत पोचायला तीन गोष्टी लागतात : वेळेवर सांगणारा माणूस, शिकवणारा शिक्षक आणि आधीच्या इयत्तांतील तयारी. यांतील एक जरी नसली तरी यादी भिंतीवरच राहते.

तिन्ही गोष्टी आमच्या हाती नाहीत, पण पहिली व थोडीशी तिसरी आहे. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मैत्रिणींनी ग्रंथालयाशेजारच्या खोलीत कनिष्ठ विभागातील कला शाखेच्या मुलींसाठी दहा दिवस गणिताचा वर्ग घेतला. शेकडेवारी, समीकरणे, आलेखाचा उतार, एवढेच. पहिल्या दिवशी सातजणी आल्या, शेवटच्या दिवशी अकरा. त्यांतील एकीने मागणीचा वक्र फळ्यावर काढला आणि तो खाली का उतरतो ते आपल्या शब्दांत सांगितले. पहिल्या वर्षी मला ते सांगता आले नव्हते. उन्हाळ्यात हा वर्ग पुन्हा घेणार आहोत. शिकवायला येऊ इच्छिणाऱ्यांनी ग्रंथालयात नाव द्यावे.