स्लॅब पडण्याआधी ऐक

अगं, प्लॉटची मोजणी झाली आणि नकाशाचं काम सुरू झालं असं तू सांगितलंस, तेव्हापासून हे सगळं मनात घोळतंय. आज लिहूनच टाकते. तुमचं दोघांचं ठरलंय की आधी घर पूर्ण करायचं आणि मग हातात पैसा आला की गच्चीवर सोलार बसवायचं. बेत चांगला आहे. माझं मागणं एवढंच, की पॅनेल हवी तेव्हा आण, पण त्यांचा विचार आत्ता कर. नकाशा अजून पेन्सिलीत आहे. पॅनेल कुठे बसतील, कशावर उभी राहतील, त्यांची वायर कुठून खाली येईल आणि त्यांना किती वीज तयार करावी लागेल, हे सगळं नकाशातच ठरतं. स्लॅब पडला की यातलं निम्मं हातातून निसटतं.

आधी घराचंच बोलू. आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुला वेगळा सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढेच. माळवदाच्या जुन्या घरांत भिंती हात-दीड हात जाड असायच्या आणि वर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन आत झिरपेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर जायची. आज आपण पातळ भिंती बांधतो आणि वर पाच इंची काँक्रीटचा स्लॅब टाकतो. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडत राहतो. मग एसी येतो, मग बिल येतं, आणि मग बिलाला उतारा म्हणून जास्तीची पॅनेल येतात. घर कमी तापलं तर ही साखळी सुरूच होत नाही. म्हणून ऊर्जेचा पहिला खर्च भिंतीत आणि छतात कर.

दिशेपासून सुरुवात कर. दक्षिणेच्या खिडकीला चांगला छज्जा पुरतो. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा सावली देतो, आणि थंडीत सूर्य खाली झुकतो तेव्हा कोवळं ऊन आत येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो. त्यानंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत तो मध्यान्हीला थोडा उत्तरेकडे असतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही लहानसा छज्जा हवाच. खरी त्रासाची बाजू पश्चिमेची. तिथलं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. त्या बाजूला जिना, बाथरूम, कोठीची खोली अशा जागा घे, खिडक्या लहान ठेव आणि बाहेर एखादा कडुनिंब लाव. झाड मोठं व्हायला वेळ लागतो, तेव्हा पाया खोदायच्या आधीच रोप लाव. मात्र ते पश्चिमेलाच असू दे. दक्षिणेला मोठं झाड वाढलं तर पुढे पॅनेलवर सावली येईल आणि कुणीतरी ते तोडायला सांगेल. तशी वेळच यायला नको.

सासूबाई वास्तू बघणार, हे मला ठाऊक आहे. त्यावरून घरात वाद घालू नकोस. स्वयंपाकघर आग्नेयेला असावं, हा सल्ला तर आनंदाने घे. तिथे सकाळचं ऊन येतं आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी भिंत तापलेली नसते. मोठी झोपायची खोली नैऋत्येला सांगतात. ती जागा दुपारी सगळ्यात जास्त तापते. खोली तिथेच घ्यायची असेल तर तिच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती एएसी ब्लॉकच्या बांध, किंवा विटांच्या दोन थरांत पोकळी सोडून घे. प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या आणि वर झरोका असू दे. रात्री सगळं उघडं ठेवायचं आणि सकाळी ऊन चढलं की बंद करायचं. आपल्या कोरड्या हवेत एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

आर्किटेक्टला एक प्रश्न नक्की विचार: 'या नकाशाचा आरईटीव्ही किती येतो?' भिंती आणि खिडक्यांतून दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये आपल्यासारख्या उष्ण भागांसाठी त्याची मर्यादा १५ वॅट ठेवली आहे. ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे, पण उन्हाला प्लॉटचा आकार कळत नाही. आपल्या घरासाठीही हा हिशेब करून मागायला काहीच हरकत नाही.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा होईल, तेव्हा वरचा थर पांढऱ्या चायना चिप्सचाच करून घे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, आणि खालच्या खोलीला तो फरक लगेच जाणवतो. पॅनेलही इथे मदत करतात. सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली एका इमारतीवर मोजमाप केलं. पॅनेलच्या सावलीमुळे छताकडे जाणारी उष्णता साधारण ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांना आढळलं. तेव्हा पॅनेल कुठल्या खोलीच्या डोक्यावर येतील, हेही विचार करून ठरव. सर्वात तापणाऱ्या खोलीवर आली तर वीज मिळेल आणि सावलीही.

आता किती वीज लागेल त्याचा हिशेब कर. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. सहा पंखे रोज बारा तास फिरले तर या एका बदलाने दिवसाला सव्वातीन युनिट वाचतात. आंघोळीचं १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ३ युनिट लागतात. ते काम सोलार वॉटर हीटरवर सोपव. आपल्याकडचं पाणी क्षाराचं असतं, तेव्हा हीटर घेताना दुकानदाराला ते आधीच सांग. ही दोन्ही मिळून रोजची सहा युनिट झाली. एक किलोवॅट सोलार आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. म्हणजे दीड किलोवॅटचं काम पॅनेल न घेताच झालं. विक्रेता तुझं आजचं भाड्याच्या घरातलं बिल बघेल आणि त्यावरून पाच किलोवॅट सांगेल. त्याला सांग, की नव्या घराचा हिशेब वेगळा आहे.

हा क्रम मोठ्या इमारतींनाही लागू पडतो. दिल्लीत जोरबागेजवळ केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं इंदिरा पर्यावरण भवन आहे. २०१४ साली त्याचं उद्घाटन झालं. वर्षभरात जेवढी वीज लागेल तेवढी तिथेच तयार व्हावी, असा त्या इमारतीचा संकल्प होता. त्यासाठी आधी दिशा, मधलं अंगण, नैसर्गिक उजेड आणि थंड करण्याची कमी विजेवर चालणारी पद्धत यांवर काम झालं. वापर कमी ठेवला म्हणूनच वर बसवलेल्या ९३० किलोवॅटच्या पॅनेलवर तो भागवण्याचा बेत आखता आला. एवढ्या मोठ्या कार्यालयाला जो क्रम पाळावा लागला, तो आपल्या तीन खोल्यांच्या घराला तर सहज पाळता येईल.

आता गच्चीवर ये. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. तीन किलोवॅट धरले तर ३०० चौरस फूट. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार १५ ते १८ अंशांचा असावा. इथेच टाकीचा प्रश्न येतो. पाण्याची टाकी नैऋत्येला असावी असं वास्तूत सांगतात, आणि हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य नेमका त्याच बाजूला असतो. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सावली उंचीच्या पावणेदोन पट पडते. स्टँडसकट आठ फूट उंचीच्या टाकीची सावली चौदा फूट लांब जाईल. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली आली की सगळ्या माळेची वीज घसरू शकते. गच्चीवर आलेल्या जिन्याच्या खोलीचीही अशीच सावली पडते, म्हणून जिना पश्चिमेच्या बाजूतही उत्तरेच्या टोकाला घ्यायचा, ही पहिली तोड. टाकी नैऋत्येलाच हवी असेल तर पॅनेल आठ फूट उंच सांगाड्यावर घे. टाकीची सावली खालून जाईल, आणि त्या छताखाली पापड-कुरडया वाळवणं सोडून बाकी सगळं करता येईल. सांगाडा उंच केला की वारा जास्त लागतो, म्हणून त्याचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घे. वेल्डरच्या अंदाजावर ते सोडू नकोस.

त्या सांगाड्याचे पाय स्लॅबसोबतच उभे कर. काँक्रीटचे छोटे पेडेस्टल आत्ता केले की कोबा त्यांच्याभोवती नीट बसतो. नंतर पॅनेल बसवताना कोब्यात भोकं पाडली तर पहिल्याच पावसात खालच्या खोलीत ओल येते आणि दोष मात्र सोलारवर जातो. गच्चीपासून मीटरच्या पेटीपर्यंत भिंतीतून एक मोकळा पाइप टाकून ठेव. इन्व्हर्टरसाठी सावलीतली, हवेशीर भिंत राखून ठेव, पश्चिमेची नको. पॅनेलची, इन्व्हर्टरच्या एसी बाजूची आणि वीजरोधकाची अशा तीन वेगळ्या अर्थिंगच्या जागा अंगणात आखून घे. गच्चीवर पाण्याचा नळ दे आणि वर जायला पक्का जिना ठेव. पॅनेल पुसायला तूच वर जाणार आहेस, आणि लोखंडी शिडीवरून बादली घेऊन चढणं मला मुळीच पसंत नाही. पुसायचं ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये.

एक गैरसमज आधीच दूर करते. भर उन्हात पॅनेल जास्त वीज देतात असं वाटतं, पण ती उजेडावर चालतात, उष्णतेवर नाही. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणून ती छताला चिकटवायची नाहीत, खालून वारा खेळू द्यायचा. दुसरी गोष्ट लोडशेडिंगची. साधं सोलार लाइन गेली की आपोआप बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय आहे. लाइन गेल्यावरही दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. तो खर्च वेगळा, आणि तो आत्ताच करायची गरज नाही. फक्त बॅटरीपुरती जागा सोडून ठेव.

पैशांचं सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलारला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये अनुदान ठेवलं गेलं. म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. तीन किलोवॅटच्या पुढे कितीही बसवलं तरी ते वाढत नाही. तीनमध्ये भागणारं घर बांधण्याला हेही एक कारण आहे. सेल आणि पॅनेल भारतात बनलेली हवीत आणि बसवणारा योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा, या अटी आहेत. नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्त झालेली वीज महावितरणकडे जाते आणि बिलात वळती होते. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याच्या वेळी महावितरणच्या कार्यालयात स्वतः विचारून घे. आणि हो, प्लॉट दोघांच्या नावावर आहे ना? मग वीजजोडणी तुझ्या नावावर घे. अर्ज ग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात येतं. घराच्या एका मोठ्या निर्णयावर तुझं नाव असावं, असं मला मनापासून वाटतं.

आर्किटेक्टकडच्या पुढच्या बैठकीला तू जा. नुसती ऐकत बसू नकोस, तुझं म्हणणं मांड. दुपारी कुठली खोली किती वेळ वापरात असते, स्वयंपाकघरात किती वाजता उभं राहावं लागतं, मुलं अभ्यासाला कुठे बसतात, सासूबाई दुपारी कुठे आडव्या होतात, हे त्या घरात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. ऊर्जा वाचवणाऱ्या घराचा नकाशा याच माहितीवर उभा राहतो.

बजेट ओढाताणीचं आहे, ते मी जाणून आहे. कमी करायचंच असेल तर टाइल्स साध्या घे, फॉल्स सीलिंग सोडून दे, दर्शनी भिंतीवरची सजावट पुढे ढकल. भिंतीची जाडी, छज्जे, पांढरी गच्ची आणि पेडेस्टल यांना मात्र कात्री लावू नकोस. टाइल्स दहा वर्षांनी बदलता येतात. पश्चिमेची भिंत पुन्हा बांधता येत नाही. पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारण २५ वर्षांची असते, आणि घर तर त्याहून जास्त टिकणार. नकाशाचा फोटो आजच पाठव. उत्तर दिशा कुठे आहे ते त्यावर खूण करून दे, आणि शेजारच्या प्लॉटवर किती मजले येऊ शकतात तेही विचारून ठेव. मग फोनवर बसून एकेक खिडकी बघू.

तुझी ताई