तबकडीवरील अदृश्य नक्षी

वाराणसीच्या मदनपुऱ्यात बनारसी साडी विणताना जेकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या छिद्रित पट्ट्यांची माळ फिरत असते. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो. नसेल तेथे तो खालीच राहतो. ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच शब्दांत साऱ्या वेलबुट्ट्या साठविलेल्या!

‘सीडी-आर’ या कोऱ्या तबकडीचेही तसेच आहे. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर आणि त्यावर चकचकीत धातूचा थर असतो. लिहिताना लेसरचा प्रखर किरण रंगद्रव्याला जागोजागी तापवितो व तेथे मंद ठिपके उमटतात. वाचताना सौम्य किरण फिरतो. उजळ जागेवरून प्रकाश भरपूर परततो, ठिपक्यावरून कमी. हा बदल घडला की ‘एक’, न घडला तर ‘शून्य’. ठिपक्यांची सर्पिल रेषा मध्यापासून कडेकडे जाते. तिची वेटोळी अवघ्या १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात. रेषा उलगडली तर पाच किलोमीटरांहून लांब, म्हणजे अस्सी घाटावरून निघून पंचगंगा घाटाच्याही पुढे!

उमटलेला ठिपका पुसता येत नाही. आम्हा बँकवाल्यांना हे फार आवडावे. मात्र ऊन हा रंगद्रव्याचा शत्रू. शाळकरी वयात मी आजीच्या ओव्यांची सीडी खिडकीत ठेवली होती. काही उन्हाळ्यांनंतर ती अडखळू लागली, मग मुकीच झाली. तोवर आजीही राहिली नव्हती.

तुमच्या कपाटात अशी तबकडी असेल, तर ती वाचणारे यंत्र मिळते आहे तोवर प्रत करून घ्या. आणि हो, नाव लिहिलेली बाजू अधिक जपा. धातूचा थर तिकडेच, पातळ लेपाखाली असतो.