शिडाच्या नौकांच्या शर्यती आणि नियमांचा जन्म
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी पूरक पाठ)

खेळात सामर्थ्य, कौशल्य आणि धैर्य लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु खेळ खेळ म्हणून टिकतो तो नियमांमुळे, ही गोष्ट मुलांच्या मनावर क्वचितच बिंबविली जाते. शिडाच्या नौकांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींचा आरंभीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. भूगोल, विज्ञान आणि अंकगणित या तिन्ही विषयांना तो स्पर्श करतो. शिवाय शाळेच्या क्रीडांगणावर रोज उद्भवणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तरही त्यात सापडते.

१. वाऱ्याविरुद्ध नौका कशी जाते?

वारा पाठीमागून आला की शीड फुगते व नौका पुढे जाते, हे सहज समजते. समोरून वारा आला असता काय करावे? नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. परंतु वाऱ्याच्या दिशेशी सर्वसाधारणपणे ४५ अंशांच्या आसपास कोन करून ती तिरपी जाऊ शकते. शिडावर पडणारा वाऱ्याचा जोर नौकेला काहीसा पुढे व बराचसा बाजूला ढकलतो. नौकेच्या तळाचा कणा पाण्यात खोल उतरलेला असल्यामुळे बाजूला सरकण्यास पाणी विरोध करते, आणि पुढे जाण्याची गती तेवढी शिल्लक राहते. काही अंतर उजवीकडे, मग वळून काही अंतर डावीकडे, अशा नागमोडी मार्गाने नौका वाऱ्याविरुद्धचे ठिकाण गाठते. घाटातील रस्ता डोंगर चढतो, तसेच हे आहे.

२. १८५१ ची शर्यत

१८५१ साली लंडन येथे मोठे जागतिक औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्याच वर्षी न्यूयॉर्क यॉट क्लबचे प्रमुख जॉन कॉक्स स्टीव्हन्स व त्यांचे सहकारी यांनी बांधवून घेतलेली ‘अमेरिका’ ही १७० टनांची नौका अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडला आली. तिचा आराखडा जॉर्ज स्टीअर्स यांचा होता. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या वाइट बेटाभोवती शर्यत झाली. प्रारंभ व शेवट काऊस या बंदरात होता आणि अंतर सुमारे ५३ सागरी मैल होते.

इंग्रज नौकांची शिडे अळशीच्या धाग्याच्या कापडाची, हातमागावर विणलेली व पोटाशी फुगणारी असत. ‘अमेरिके’ची शिडे यंत्रावर विणलेल्या घट्ट सुती कापडाची व सपाट ताणलेली होती. वाऱ्याविरुद्ध तिरपे जाताना सपाट शीड अधिक उपयोगी पडते. ‘अमेरिका’ पहिली आली. दुसरी आलेली ‘ऑरोरा’ अवघी ४७ टनांची होती.

येथे दोन प्रश्न उभे राहिले. पहिला प्रश्न मार्गाचा. नॅब येथील दीपनौकेच्या बाहेरून जाण्याची जुनी वहिवाट होती. परंतु ‘अमेरिके’ला मिळालेल्या लेखी सूचनांत तसे म्हटलेले नव्हते, म्हणून ती आतून गेली व तिचे अंतर वाचले. तक्रार झाली, परंतु लेखी सूचना पाहता ती टिकली नाही. दुसरा प्रश्न आकाराचा. मोठ्या व लहान नौका एकाच शर्यतीत सोडल्या होत्या आणि लहान नौकेस वेळेची कोणतीही सवलत नव्हती.

३. आव्हान-चषक

जिंकलेला चषक १८५७ साली न्यूयॉर्क यॉट क्लबला देण्यात आला. निरनिराळ्या देशांतील मैत्रीपूर्ण स्पर्धेसाठी तो कायम राहावा, अशी अट होती. पहिले आव्हान १८७० साली जेम्स अ‍ॅशबरी यांच्या ‘केंब्रिया’ या नौकेने दिले. तेव्हा आव्हान देणाऱ्या एकट्या नौकेस क्लबच्या संपूर्ण ताफ्याशी झुंजावे लागले. हे न्यायाचे नव्हे, असा आक्षेप आला व पुढील वर्षी एका वेळी एकाच नौकेशी सामना करण्याची पद्धत मान्य झाली. १८९९ ते १९३० या काळात सर थॉमस लिप्टन यांनी पाच वेळा आव्हान दिले व पाचही वेळा ते हरले. तरी त्यांची खिलाडूवृत्ती सर्वांच्या आदरास पात्र ठरली. हा चषक अमेरिकेकडून प्रथम गेला तो १९८३ साली, ऑस्ट्रेलियाकडे.

४. ऑलिंपिकमधील आरंभ

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ठरलेल्या नौकाशर्यती खराब हवेमुळे झाल्या नाहीत. १९०० साली पॅरिसच्या खेळांत त्या सीन नदीवरील म्यूलाँ येथे व समुद्रकाठी ल आव्र येथे झाल्या. ‘लेरिना’ या विजयी नौकेवर स्वित्झर्लंडच्या एलेन द पूर्तालेस होत्या. ऑलिंपिकमध्ये विजेती ठरलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मुलींच्या शाळांत ही माहिती अवश्य सांगावी.

निरनिराळ्या देशांची मोजमापे निरनिराळी असल्याने तुलना कठीण होई. म्हणून १९०६ साली लंडन येथे युरोपीय देशांच्या प्रतिनिधींनी एक समान नियम ठरविला व १९०७ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली. नौकेची लांबी, शिडाचे क्षेत्रफळ इत्यादी मापे एका सूत्रात घालून येणाऱ्या उत्तरावरून वर्ग ठरू लागला. म्हणूनच ‘१२ मीटर’ वर्गाची नौका प्रत्यक्षात १२ मीटरपेक्षा बरीच लांब असते. नियम झाला तरी स्पर्धक लगेच वाढले नाहीत. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये ७ मीटर वर्गात ‘हिरोइन’ ही एकच नौका उतरली होती, तर १२ मीटर वर्गातील दोन्ही नौका ब्रिटिशच होत्या.

५. आपल्याकडील संबंध

मुंबईत १८४६ सालीच यॉट क्लब स्थापन झाला. परंतु स्वातंत्र्यापूर्वी तो युरोपियनांपुरताच होता. कोकणातील तांडेल पिढ्यान्‌पिढ्या शीड हाताळीत आले, तरी या खेळाचे दार त्यांना बंद होते. १९८२ च्या आशियाई खेळांतील नौकाशर्यती मुंबईत झाल्या व फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले.

६. शिक्षकांसाठी सूचना

(अ) पाण्याने भरलेल्या घंगाळात पुठ्ठ्याचे शीड लावलेली लहान फळी सोडून बाजूने पंख्याने वारा घालावा. नंतर फळीच्या तळाशी पत्र्याची उभी पट्टी ठोकून तोच प्रयोग करावा व फरक मुलांकडून वदवून घ्यावा.

(आ) एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. यावरून ५३ सागरी मैलांचे किलोमीटर काढण्यास सांगावे. (उत्तर : ९८.१५६)

(इ) शाळेच्या शर्यतीत वय व उंची पाहून गट पाडावेत. गट पाडण्याइतकी मुले नसतील, तर लहानास काही पावले पुढे उभे करावे. ती पावले किती, हे आधी सर्वांसमोर ठरवावे.

(ई) नियम शर्यतीपूर्वी फळ्यावर लिहावेत. वहिवाट गावातल्या मुलास ठाऊक असते. वाडीवरून नव्याने आलेल्या मुलास ती ठाऊक नसते.

(उ) मुलाने तक्रार केल्यास तिला रडगाणे समजू नये. ती ऐकून घ्यावी आणि निर्णयाचे कारण सांगावे. हरलेले मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येते. आपल्यावर अन्याय झाला असे ज्याला वाटते, ते बहुधा येत नाही.