कुलूप लावणारा चोर

संगणकामुळे शाळा, दवाखाने, बँका आणि बंदरे यांची कामे सोपी झाली आहेत. पण संगणकातील माहिती एका क्षणात अडवून धरणारे शत्रूही निर्माण झाले आहेत. अशाच एका शत्रूची ओळख या पाठात करून दिली आहे.

मुलांनो, चोर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? रात्रीची वेळ, तुटलेली कडी, उघडे कपाट आणि नाहीशा झालेल्या वस्तू. पण असा एक चोर मनात आणा, जो घरातली एकही वस्तू नेत नाही. तो तुमच्या कपाटाला स्वतःचे कुलूप लावतो, किल्ली खिशात घालतो आणि दारावर चिठ्ठी चिकटवून जातो, "पैसे पाठवा, मग किल्ली देईन." कपाट तुमचे, कपडे तुमचे, कागदपत्रे तुमची, पण एकालाही हात लावता येत नाही!

संगणकात शिरणाऱ्या अशा चोराला 'रॅन्समवेअर' म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. उर्दूत आपण तिला 'तावान' म्हणतो. हा चोर म्हणजे कोणी माणूस नव्हे. वाईट हेतूने माणसानेच लिहिलेला तो एक प्रोग्राम असतो.

या चोराची पहिली मोठी स्वारी 1989 साली झाली. त्या वेळी इंटरनेट घरोघरी पोहोचले नव्हते, म्हणून चोर टपालाने आला. डिसेंबर महिन्यात अनेक देशांतील लोकांना एक फ्लॉपी मिळाली. अशा सुमारे 20,000 फ्लॉप्या पाठवल्या गेल्या होत्या. एड्स या रोगाची माहिती तीत आहे, असे वर लिहिले होते. लोकांनी विश्वासाने ती संगणकात घातली. काही दिवस सारे सुरळीत चालले. पण आत बसलेला प्रोग्राम, संगणक किती वेळा सुरू झाला हे गुपचूप मोजत होता. साधारणपणे नव्वदाव्या वेळी त्याने फाईलींची नावे बदलून टाकली आणि पडद्यावर मागणी आली, "पनामा देशातील या टपालपेटीच्या पत्त्यावर 189 डॉलर पाठवा." या प्रकरणी जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला अटक झाली, परंतु त्याची मानसिक स्थिती ठीक नसल्यामुळे खटला पुढे चालला नाही.

ते कुलूप कच्चे होते. फाईलींची नावे बदलली होती, आतील मजकूर तसाच होता. जाणकारांनी थोड्याच दिवसांत ते उघडण्याचा उपाय शोधून काढला. आजचे कुलूप मात्र तसे नाही. ते समजण्यासाठी रस्त्यावरची लाल टपालपेटी आठवा. तिच्यात पत्र कोणीही टाकू शकतो, पण पेटी उघडण्याची किल्ली फक्त टपालखात्याकडे असते. 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गणिताच्या साहाय्याने अशीच एक पद्धत शोधली. तीत बंद करण्याची किल्ली वेगळी आणि उघडण्याची वेगळी. उघडण्याची किल्ली दोन प्रचंड मूळ संख्यांमध्ये लपलेली असते. त्या संख्यांचा गुणाकार सर्वांना ठाऊक असला तरी चालतो. तो गुणाकार 617 अंकी असेल, तर त्यावरून मूळ संख्या शोधून काढणे आजच्या मोठमोठ्या संगणकांनाही जमत नाही.

ही पद्धत लोकांची गुपिते सुरक्षित राहावीत म्हणून शोधलेली होती. सुरी भाजी चिरते आणि गळाही कापते! हीच विद्या चोरांच्या हाती पडली तर काय होईल, याचा इशारा ॲडम यंग आणि मोती युंग या संशोधकांनी 1996 सालीच दिला होता. पुढे तो खरा ठरला.

आता हा चोर आत कसा येतो ते पाहू. त्याची पहिली वाट म्हणजे ई-मेल. 2013 साली 'क्रिप्टोलॉकर' नावाचे रॅन्समवेअर पसरले, ते याच वाटेने. पत्रासोबत एक फाईल जोडलेली असे. तिचे चित्र साध्या कागदपत्राचे, पण प्रत्यक्षात तो प्रोग्राम असे. फाईलीच्या नावाचा शेवटचा भाग म्हणजे तिची खरी ओळख. पण पुष्कळ संगणकांवर तो भाग दिसतच नाही. बिल समजून माणूस फाईल उघडतो आणि चोराला स्वतःच्या हाताने दार उघडून देतो.

दुसरी वाट म्हणजे दुरुस्त न केलेली भिंत. प्रोग्राममध्ये चुका राहतात. त्या सापडल्या की बनवणारी कंपनी दुरुस्ती पाठवते. आपण ती 'उद्या करू' म्हणून टाळतो. विंडोज प्रणालीतील अशाच एका चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिली होती. दोन महिन्यांनी, 12 मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचे रॅन्समवेअर त्याच भगदाडातून शिरले. कोणी काही उघडण्याचीही गरज नव्हती. एका संगणकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ते आपोआप जात राहिले आणि थोड्याच दिवसांत सुमारे 150 देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांनी वेळेवर दुरुस्ती करून घेतली होती, त्यांच्या भिंतीत मात्र हे भगदाडच नव्हते.

याशिवाय चोरून उतरवलेले फुकटचे प्रोग्राम आणि सहज ओळखता येणारे पासवर्ड याही त्याच्या वाटा आहेत.

आत शिरल्यावर तो लगेच आरडाओरडा करत नाही. तो आधी पत्रे, छायाचित्रे, हिशेब अशा कामाच्या फाईली शोधतो. संगणक स्वतःजवळ जुन्या नकला ठेवत असेल, तर त्या पुसून टाकतो. एकेका फाईलीला कुलूप लावतो. संगणकाला जोडलेला पेनड्राइव्हही तो सोडत नाही. संगणक मात्र चालू राहतो, कारण पैसे मागण्यासाठी पडदा हवा असतो! सारे झाल्यावर पडद्यावर चिठ्ठी झळकते. वॉनाक्रायच्या चिठ्ठीत 300 डॉलर मागितले होते. तीन दिवसांनी रक्कम दुप्पट होणार, सात दिवसांनी फाईली कायमच्या जाणार, अशी धमकी होती. शेजारी उलटे चालणारे घड्याळ असे. माणसाने घाबरावे आणि विचार करू नये, यासाठी ते घड्याळ असते. 2019 नंतर तर काही टोळ्या कुलूप लावण्याआधी माहितीची नक्कल स्वतःकडे नेऊन, ती उघड करण्याचीही धमकी देऊ लागल्या.

मग पैसे देऊन सुटका करून घ्यावी का? याचे उत्तर 27 जून 2017 च्या घटनेत मिळते. त्या दिवशी युक्रेनमध्ये 'नॉटपेट्या' नावाचा प्रोग्राम पसरला आणि तेथून जगभर गेला. त्यानेही खंडणी मागितली. पण त्याची किल्ली कोणाजवळच नव्हती! तो माहिती नष्ट करण्यासाठीच बनवला होता. पैसे भरणाऱ्यांचे पैसेही गेले आणि फाईलीही गेल्या. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. आपल्या नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातही तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. युक्रेनमधली आग न्हावाशेवापर्यंत पोहोचायला एक दिवसही लागला नाही.

कंपनीचे संगणकजाळे पुन्हा उभे करण्यासाठी एक मुख्य नोंद आवश्यक होती. तिच्या अनेक नकला होत्या; पण त्या सर्व एकाच जाळ्यात जोडलेल्या असल्यामुळे सर्वच पुसल्या गेल्या. फक्त एक वाचली. आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात हल्ल्याच्या आधी वीज गेली होती, त्यामुळे तेथील संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. तीच नक्कल इंग्लंडला नेण्यात आली. त्यानंतर सुमारे दहा दिवसांत 45,000 संगणक नव्याने उभे राहिले. एरवी वीज गेली की आपण चिडतो. त्या दिवशी गेलेल्या विजेने एका मोठ्या कंपनीला वाचवले!

मुलांनो, या गोष्टीतच या चोरावरचा उपाय आहे. जे घानामध्ये योगायोगाने घडले, ते आपण समजून उमजून करावे. ज्याच्याजवळ माहितीची दुसरी प्रत आहे, तो चोराला सांगू शकतो, "ठेव तुझी किल्ली तुझ्याजवळच!" म्हणून महत्त्वाच्या फाईलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. नक्कल करून झाली की पेनड्राइव्ह काढून ठेवावा, कारण जोडलेली प्रत म्हणजे चोराच्या हातातली प्रत.

इतके करूनही घात झालाच, तर प्रथम संगणक इंटरनेटपासून तोडावा, म्हणजे शेजारचे संगणक वाचतील. पैसे देण्याची घाई करू नये. मोठ्या माणसांना सांगावे आणि 1930 या क्रमांकावर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करावी. 2016 साली युरोपातील पोलिसांनी व काही कंपन्यांनी मिळून 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला. काही कुलपांच्या किल्ल्या तेथे विनामूल्य मिळतात.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. दहावीची गुणपत्रिका असो, अब्बांच्या दुकानाचा हिशेब असो, की दादीजानचे एकुलते एक छायाचित्र असो, त्याची नक्कल आजच करून ठेवा. चोर उद्या येईल, परवा येईल, कदाचित येणारही नाही. पण आला, तर त्याच्या कुलपाची किंमत शून्य ठरली पाहिजे.

शब्दार्थ

खंडणी – धमकी देऊन मागितलेले पैसे, तावान
कुलूप – ताला (हा शब्द अरबीतील 'क़ुफ़्ल' पासून आला आहे)
नक्कल – दुसरी प्रत, नक़ल
भगदाड – भिंतीला पडलेले मोठे भोक
तावडीत सापडणे – पकडीत येणे
तहान लागल्यावर विहीर खणणे – संकट आल्यावर उपायाची तयारी सुरू करणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 1989 साली रॅन्समवेअर लोकांपर्यंत कशातून पोहोचले?
(आ) घानामधील नक्कल का वाचली?
2. टपालपेटीचे उदाहरण लेखकाने का दिले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.
3. 'जोडलेली प्रत म्हणजे चोराच्या हातातली प्रत.' स्पष्ट करा.
4. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा.
5. तुमच्या घरातील किंवा शाळेतील कोणत्या माहितीची एकच प्रत आहे? त्यांची यादी करा आणि पालकांच्या किंवा शिक्षकांच्या मदतीने दुसरी प्रत तयार करा.