अणुभट्टीमुळे बोईसर तापतं का?

प्रशांत : सर, मे महिन्यात बोईसरला जीव नकोसा होतो. कंपनीतले सगळे म्हणतात, तारापूरच्या अणुभट्ट्यांमुळे उकडतं.

सर : हिशेब कर. चारही अणुभट्ट्या पूर्ण चालल्या तर वीज १४०० मेगावॉट. त्याच्या साधारण दुप्पट उष्णता थंडाव्याच्या पाण्यातून समुद्रात जाते. एकूण झाले चार-साडेचार हजार मेगावॉट. आता, भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊन पडतं. चौरस किलोमीटरवर किती?

प्रशांत : गुणिले दहा लाख... एक हजार मेगावॉट!

सर : म्हणजे बोईसर ते पालघर रुळांच्या दोन्ही अंगांना दोनशे मीटरची पट्टी धर. तेवढ्यावरच्या उन्हात तुझं सगळं तारापूर बसतं. पाणी सोडतात तिथे समुद्र जरा कोमट होतो, तो भाग वेगळा.

प्रशांत : एवढं ऊन रोज पडतं, मग पृथ्वी तापतच का जात नाही?

सर : नळ चालू आणि तळाला भोक, अशी टाकी डोळ्यांसमोर आण. पाणी चढेल तसा भोकातून जोर वाढतो. एका उंचीला आवक-जावक सारखी होते. पृथ्वीची जावक म्हणजे अवरक्त किरण. ती जितकी तापेल तितके जास्त बाहेर पडतात. आवक बघ : वातावरणाच्या माथ्यावर १३६१ वॉट, पण पृथ्वी गोल आणि निम्म्या भागात रात्र, म्हणून सरासरी ३४०. त्यातलं ३० टक्के ढग, बर्फ, वाळू परतवून लावतात. उरले २४०. तेवढे बाहेर टाकायला उणे १८ अंश तापमान पुरतं.

प्रशांत : उणे? आणि इथे आम्ही घामाघूम!

सर : प्रत्यक्षात जगाची सरासरी १५ अंशांच्या आसपास आहे. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड जाणारे किरण अडवतात. भोक बारीक झालं की पातळी चढणारच. म्हणून मला तारापूरपेक्षा डहाणूच्या कोळशाच्या वीजकेंद्राची काळजी जास्त. त्याची उष्णता विरून जाते, पण कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शेकडो वर्षं हवेत राहतो.

प्रशांत : मग जुलैत बरं का वाटतं? सूर्य खाली जातो?

सर : कुठला! पालघरवर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. दुसऱ्या वेळी ढग बरंचसं ऊन वरच्या वर परतवतात, आणि खाली पोचलेल्यातलं पुष्कळ ओल्या भातखाचरांतलं पाणी उडवण्यात खर्ची पडतं.

प्रशांत : आणि मेमध्ये रात्रीसुद्धा उकडतं ते?

सर : समुद्राची वाफ. ती जमिनीची उष्णता अडवून थोडी खाली परत पाठवते, शिवाय घामही वाळू देत नाही. थंडीत जव्हारला हवा कोरडी, आकाश मोकळं; दिवसाची उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. म्हणून तिथे पहाटे शेकोट्या पेटतात आणि तारापूरच्या किनाऱ्यावर पातळ चादर पुरते.